पानिपत, नववी ब

शाळेच्या ग्रंथालयात विश्वास पाटलांच्या 'पानिपत'च्या दोनच प्रती होत्या आणि नववी ब मध्ये आपण बावन्न जण होतो. १९९४ च्या दिवाळीच्या सुट्टीत इतिहासाच्या सरांनी ती कादंबरी सगळ्या वर्गाला वाचायला लावली, तेव्हा हा हिशेब कसा जमवायचा हा प्रश्न होताच. सरांनी त्यावर तोडगा काढला. वर्गाचे सहा गट केले, पुस्तकाचे सहा भाग केले आणि प्रत्येक गटाने आपापलाच भाग वाचायचा, असं ठरवलं. एका गटाकडे पुस्तक आठवडाभर. त्या आठवड्यात कुणा एकाच्या घरी जमायचं, चकली-चिवडा खात मोठ्याने वाचायचं आणि पुस्तक पुढच्या गटाच्या हवाली करायचं. ब्राऊन पेपरच्या कव्हरवर तेलाचे डाग पडले म्हणून ग्रंथालयाच्या बाईंनी आपल्याला किती बोलून घेतलं, ते बहुतेकांना आठवत असेल.

माझ्या गटाकडे शेवटचा भाग आला होता. म्हणजे प्रत्यक्ष लढाई. १४ जानेवारी १७६१.

सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात सरांनी वर्गात चर्चा ठेवली. विषय फळ्यावर लिहिला, 'पानिपतावर आपण का हरलो?' मी मॉनिटर, म्हणून खडू माझ्या हातात. ज्याने त्याने कारण सांगायचं, मी ते फळ्यावर लिहायचं, मग हात वर करून मतं आणि मी समोर रेघा मारायच्या. भाऊंचा हेकेखोरपणा, होळकर निघून गेले, बरोबर नेलेले यात्रेकरू आणि बायका, पैसा आणि रसद. अशी चार कारणं झाली. पाचवं कारण मागच्या बाकावरून आलं: गारद्यांनी दगा दिला. मी 'गारदी' असं लिहिलं आणि सात हात वर झाले. सात रेघा मारल्या.

हा लेख त्या पाच कारणांविषयी आहे. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून फोन आला तेव्हा मला दुसरं काही सुचेना. मग आपल्यापैकी अकरा जणांना आणि सरांना मी फोन केला आणि एकच विचारलं, त्या कादंबरीबद्दल आज तुमचं मत काय? बहुतेकांनी ती पुढे कधीतरी अख्खी वाचली होती. आणि जवळजवळ प्रत्येकाचं मत बदललं होतं.

पहिलं लक्षात आलं ते असं, की तेव्हाची आपली मतं आपल्या वाट्याला आलेल्या भागावर ठरली होती. ज्यांनी दिल्लीचा भाग वाचला त्यांना सगळा दोष पैशात दिसला. ज्यांच्याकडे सुरुवात होती ते होळकरांवर चिडले. अख्खं पुस्तक आपल्यापैकी एकानेच वाचलं होतं. त्याच्याकडे शेवटी येते.

भाऊंपासून सुरुवात करू. तीस वर्षांचा, गर्विष्ठ, उत्तरेची माहिती नसलेला सेनापती, ही सदाशिवरावभाऊंची प्रतिमा आपण घरातूनच घेऊन आलो होतो. ही कादंबरी मात्र भाऊंच्या बाजूने उभी राहते, आणि १९८८ साली ती आली तेव्हा तिच्यावर वाचकांनी उड्या टाकल्या त्याचं हे एक मोठं कारण असावं. त्याआधी त्र्यं. शं. शेजवलकरांनी 'पानिपत : १७६१' या आपल्या ग्रंथात भाऊंची बाजू मांडलेली होतीच. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाला नमवणारा आणि पेशव्यांच्या कारभाराचा हिशेब ठेवणारा हा माणूस नवखा नव्हता. बँकेत असलेली आपली मैत्रीण म्हणाली, "तेव्हा मी हेकेखोरपणाला हात वर केला होता. आता वाटतं, शाखेत पैसे नसताना मॅनेजरने हसून बोलावं अशी आपली अपेक्षा होती."

होळकरांचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. नजीबखान रोहिला संपला तर पेशवे आपल्याला धोतरं धुवायला लावतील, असं मल्हारराव म्हणाल्याची गोष्ट आपल्या वर्गात सगळ्यांना पाठ होती. ती गोष्ट 'भाऊसाहेबांच्या बखरी'तली. बखर म्हणजे दप्तरातला कागद नव्हे. ती घडून गेल्यानंतर, ऐकलेलं-पाहिलेलं मिसळून लिहिलेली हकिगत असते. पुढे राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात या काळातली अस्सल पत्रं छापली, आणि त्यांनीही गोविंदपंत बुंदेले आणि मल्हारराव यांच्याकडे बोट दाखवलं. मल्हारराव रणांगणातून निघाले हे खरं आहे. पण बायकांना बाहेर काढण्याची कामगिरी भाऊंनीच त्यांच्यावर सोपवली होती, असंही मानणारे आहेत. आणि गोविंदपंतांचं म्हणाल, तर त्या साठी ओलांडलेल्या मामलेदाराला अंतर्वेदीत रसद तोडण्याच्या कामावर असतानाच डिसेंबरमध्ये शत्रूने गाठून मारलं. दोषी म्हणून ज्याचं नाव घ्यायचं, तो त्याच मोहिमेत मेलेला असतो. नववीत हे कुणी सांगितलं असतं तर फळ्यावर लिहायला जागा पुरली नसती.

तिसरं कारण, यात्रेकरू आणि बायका. त्याला सगळ्यात जास्त हात वर झाले होते, आणि त्यातले बहुतेक मुलग्यांचे. आज स्वतः शिक्षिका असलेली आपली मैत्रीण यावर फोनवर पाऊण तास बोलली. तिचं म्हणणं असं की त्या काळात फौज जाते आहे ही काशी-मथुरा-कुरुक्षेत्राच्या यात्रेची एकमेव सुरक्षित संधी होती. एकटं दुकटं कुणी जाऊ शकत नव्हतं. नाना फडणीस त्या वेळी जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर होते. ते आईला आणि बायकोला घेऊन गेले. लढाईच्या पळापळीत त्यांची आई हरवली. स्वतः ते कसे वाचले हे त्यांनी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवलं आहे. बायकामुलं आणि जड सामान माझ्या किल्ल्यांत ठेवा, असा सल्ला भरतपूरच्या सूरजमल जाटाने दिला होता असं सांगतात. तो मानला नाही, ही निर्णय घेणाऱ्यांची चूक. "पण आपण काय शिकलो? बायका होत्या म्हणून हरलो. त्यांना कुणी विचारून नेलं होतं का?" असं ती म्हणाली. युद्धानंतर हजारो बायकामुलं गुलाम म्हणून नेली गेली. त्यांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत.

याच सूरजमलने, युती सोडून गेलेला असूनही, युद्धानंतर उघड्याबोडक्या पळून आलेल्यांना अन्न, कपडे आणि आसरा दिला. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर जखमी होऊन त्याच्याच मुलखात मेला. २०१९ मध्ये 'पानिपत' सिनेमा आला तेव्हा राजस्थानात लोक रस्त्यावर उतरले, कारण त्यात सूरजमल मोबदला मागणारा दाखवला होता. आपण इकडे भाऊ चुकले की होळकर, यावर भांडत होतो आणि तिकडे त्यांचाही एक पूर्वज त्या गोष्टीत होता. आपल्या फळ्यावर त्याचं नावसुद्धा नव्हतं.

चौथं कारण पैसा आणि रसद. याला फार कमी मतं पडली होती. आज मी ज्यांना फोन केले त्यांपैकी निम्म्याहून जास्त जण याच बाजूचे झाले आहेत. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला आपला मित्र नोकरीत असताना पानिपतला जाऊन काला अंबचं स्मारक पाहून आला आहे. त्याने मला नकाशा समजावला तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मला इतकी वर्षं वाटत होतं की मराठे दक्षिणेकडून आले, अब्दाली उत्तरेकडून आला, म्हणजे ते तसेच समोरासमोर उभे असणार. घडलं उलटं. पावसाळ्यात यमुनेला पूर होता, दोन्ही फौजा दोन काठांवर अडकल्या. १७६० च्या ऑक्टोबरात मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेला कुंजपुरा घेतलं, तिथे धान्य आणि पैसा मिळाला. त्याच सुमारास अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. म्हणजे पानिपतावर मराठ्यांची तोंडं दक्षिणेला, घराच्या दिशेला होती आणि घराची वाट अब्दालीने अडवली होती.

तिथून पुढे अडीच महिने कोंडी. पुणं दीड हजार किलोमीटर दूर. पैशाची चणचण तर आधीपासूनच होती. ऑगस्टमध्ये दिल्ली ताब्यात आल्यावर लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत काढून त्याचे रुपये पाडावे लागले होते. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी तोंडं कितीतरी जास्त. उत्तरेची थंडी, आणि घोड्यांना चारा नाही. १४ जानेवारीला सकाळी जे लोक बाहेर पडले ते दिवसच्या दिवस उपाशी होते. त्यांना लढून कोंडी फोडायची होती आणि वाटेला लागायचं होतं. "अशा लोकांनी दुपारपर्यंत अब्दालीला मागे रेटलं, हे आधी लिही," असं आपला सुभेदार म्हणाला. "मग का हरले ते लिही." दुपारनंतर अब्दालीने राखीव ठेवलेली ताजी फौज आणि उंटांवरच्या जंबुरक तोफा पुढे आणल्या. मराठ्यांकडे राखीव असं काही उरलं नव्हतं. अठरा वर्षांच्या विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी दिसली आणि फौज फुटली. हा क्रम आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

आणि आता पाचवं कारण, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

गारद्यांनी दगा दिला, हे आपल्या डोक्यात कुठून आलं असेल याचा मी नंतर शोध घेतला. गारदी म्हटलं की आपल्याला शनिवारवाडा आणि नारायणराव पेशव्यांचा खून आठवायचा. तो खून १७७३ चा, पानिपतानंतर बारा वर्षांनी झालेला. त्यातल्या गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. गारदी ही जात नव्हे, धर्म नव्हे. पाश्चात्त्य पद्धतीने कवायत शिकलेलं, बंदुका घेऊन रांगेत लढणारं ते पगारी पायदळ. पण आपण दोन गोष्टी एकत्र केल्या. आणि एक तिसरी गोष्ट त्यात होती, जी कुणी बोललं नाही. इब्राहिमखान हे नाव. १९९२-९३ चा हिवाळा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. घराघरांत जे बोललं जात होतं ते आपणही ऐकत होतो.

इब्राहिमखान गारदी निजामाकडे फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला. तो मराठ्यांकडे आला तो सुमारे आठ हजार कवायती शिपाई आणि उत्तम तोफखाना घेऊन. पानिपतावर तो डाव्या बगलेला होता. समोर रोहिले होते आणि त्यांची त्याने दाणादाण उडवली. त्याचे बहुतेक शिपाई तिथेच पडले. तो स्वतः जखमी अवस्थेत पकडला गेला आणि कैदेत मारला गेला. त्या दिवशी पळालेल्यांची यादी लांब आहे. त्यात त्याचं नाव नाही. उलट अब्दालीच्या बाजूला शुजाउद्दौल्याच्या फौजेत अनुपगीर गोसाव्याचे नागा गोसावी लढत होते. विश्वासरावांचा देह मिळवून हिंदू रीतीने अंत्यविधी व्हावा म्हणून खटपट केली तीही शुजाच्याच छावणीने. त्या खटपटीत असलेला काशीराज पंडित शुजाच्या नोकरीतला ब्राह्मण होता आणि त्याने या युद्धाची हकिगत फारसीत लिहिली.

हे सगळं मला नववीत माहीत नव्हतं. पण इब्राहिमखान शेवटपर्यंत लढला, एवढं माहीत होतं. तो भाग माझ्याच गटाने वाचला होता. तरी मी फळ्यावर 'गारदी' लिहिलं आणि रेघा मारल्या. माझं काम मोजायचं आहे, अशी मी समजूत करून घेतली.

अख्खी कादंबरी वाचलेला आपला एक वर्गमित्र तेव्हा उभा राहिला होता. नगर वाचनालयातून वडिलांच्या कार्डावर पुस्तक आणून त्याने पूर्ण वाचलं होतं. "इब्राहिमखान पळाला नाही, तो मेला," एवढंच तो म्हणाला. मागून कुणीतरी बोललं, "तू तर त्याच्याच बाजूने बोलणार." वर्ग हसला. सर काही बोलणार एवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. फळा पुढच्या तासाला गणिताच्या बाईंनी पुसला.

बाराव्या फोनवर सर होते. सर आता पंच्याऐंशीच्या पुढचे आहेत, ऐकू कमी येतं, पण आवाज तोच. त्यांना ती चर्चा आठवत होती. "मतदान घ्यायला नको होतं गं," असं ते आपणहून म्हणाले. "मत कुणाला द्यायचं हे विचारता येतं. काय घडलं हे मतं मोजून कसं ठरवायचं?" मग मी त्यांना धीर करून एक सांगितलं. पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, म्हणून 'संक्रांत कोसळणे' म्हणतात, असं सरांनी शिकवलं होतं. पण संक्रांतीची तारीख हळूहळू पुढे सरकत असते. स्वामी विवेकानंद १८६३ च्या संक्रांतीला जन्मले ती तारीख १२ जानेवारी होती. मग १७६१ ची संक्रांत त्याहून आधीची. म्हणजे लढाईच्या तीन-चार दिवस आधीच ती होऊन गेली होती. फोनवर थोडा वेळ शांतता. मग सर इतके हसले की त्यांच्या सूनबाईंनी फोन घेतला. "तीस वर्षं मी वर्गावर्गात चुकीचं सांगितलं. हे स्मरणिकेत छाप," असा त्यांचा निरोप आहे. छापते आहे.

माझ्या नोकरीत एखादी यंत्रणा मध्यरात्री बंद पडली की दुसऱ्या दिवशी बैठक होते. त्या बैठकीचा एक नियम असतो. कुणामुळे झालं हे विचारायचं नाही. आधी कधी काय घडलं याचा मिनिटामिनिटाचा क्रम लावायचा. नाव सापडलं की माणसं शोधायचं थांबवतात, असा आमचा अनुभव. ही सवय अंगी बाणवायला मला वीस वर्षं लागली. आणि दर वेळी अशा बैठकीत फळ्यापुढे उभी राहिले की मला त्या सात रेघा आठवतात.

तो मित्र शेवटचा. लिहायला त्याची परवानगी आहे, नाव नको म्हणाला. त्याने ती कादंबरी तेव्हापासून तीनदा वाचली आणि आता मुलीला दिली आहे. त्याला ती आवडते. भाऊ, जनकोजी, सगळे आवडतात. मी म्हटलं, इब्राहिमखानाच्या निष्ठेबद्दल आता तरी सगळे मान्य करतात. त्यावर तो म्हणाला, "तेच मला खटकतं. बळवंतराव मेहेंदळे पडले, त्यांना आपण शूर म्हणतो. दत्ताजी बुराडीघाटावर पडले, त्यांना शूर म्हणतो. इब्राहिमखानाला मात्र निष्ठावंत म्हणतो. तो पण शूरच होता की. निष्ठेचा दाखला त्याच्या एकट्याकडेच का मागायचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तू रेघा मारत होतीस, मला दिसत होतं. तुझ्या गटाने तो भाग वाचलाय हेही मला माहीत होतं." मग त्याने विषय बदलला आणि माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

माफी फोनवर मागून झाली आहे. पण जे झालं ते वर्गासमोर झालं होतं, म्हणून वर्गासमोर इथे पुन्हा लिहिते. 'गारदी' हा रकाना चुकीचा होता, मला ते ठाऊक होतं आणि मी बोलले नाही.

पानिपतानंतर जून १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर गेले, ते या दुःखातच. पाय कायमचा अधू झालेले महादजी मात्र दहा वर्षांत पुन्हा दिल्लीत पोचले. हरलेल्यांनी चुका मोजून पुन्हा उभं राहता येतं, हे त्या माणसाने दाखवलं. आपल्याला तर फक्त एक पुस्तक नीट वाचायचं होतं.

मेळाव्यात शाळेला भेट काय द्यायची यावर समितीत अजून वॉटर कूलर की प्रोजेक्टर असं चाललं आहे. माझी सूचना अशी की त्याबरोबर ग्रंथालयाला 'पानिपत'च्या वीस प्रती द्याव्यात आणि शेजारी शेजवलकरांचा ग्रंथ ठेवावा. प्रतींचा खर्च मी करते. अट एकच, पुस्तकाचे भाग पाडायचे नाहीत. ज्याने त्याने अख्खं वाचायचं.